नव्या सायकल ट्रॅकआधी जुन्या रस्त्यांवर पाट्या लावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

साताऱ्यात सायकलसाठी स्वतंत्र ट्रॅक बांधावा, अशी मागणी करणारी पत्रे आपल्या सदरात अधूनमधून प्रसिद्ध होतात. ती लिहिणाऱ्यांची तळमळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु रस्त्यांच्या कामावर स्थापत्य अभियांत्रिकी सहायक म्हणून ३५ वर्षे काढलेला आणि त्यांतली पहिली बारा-तेरा वर्षे सायकलवरूनच कामावर फिरलेला माणूस म्हणून मला असे वाटते, की आपण मागणीच चुकीची करत आहोत. ट्रॅक म्हटला की भूसंपादन आले, अंदाजपत्रक आले, निविदा आली. आणि एवढे सगळे होऊन तो झालाच, तर दोन वर्षांत त्यावर चारचाकींचे पार्किंग आणि वडापावची गाडी आली. सायकलस्वाराला लागणारे रस्ते या जिल्ह्यात आजही आहेत. ते कोणते, हे सांगणारी पाटी तेवढी नाही. २०२५ च्या मे महिन्यात आयर्लंडमध्ये नेमके पाट्यांचेच काम झालेले पाहून आलो, त्यानंतर हे पत्र लिहायचे मनात होते.

माझी मुलगी आणि जावई आयर्लंडमधल्या कॅव्हन काउंटीत राहतात. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजावा, मात्र लोकसंख्येने फारच लहान. शेजारच्या लीट्रिम काउंटीत २०२२ च्या जनगणनेत जेमतेम ३५ हजार माणसे मोजली गेली, म्हणजे आपल्या सातारा शहरापेक्षाही कितीतरी कमी. कॅव्हनमध्ये तळी इतकी, की वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक याप्रमाणे ३६५ तळी आहेत असे तिथले लोक कौतुकाने सांगतात. आपण ते मोजायला जाऊ नये. या तळ्यांमधून आणि त्यांच्यामधल्या टेकड्यांवरून जाणारा किंगफिशर ट्रेल नावाचा सायकलमार्ग आहे. किंगफिशर म्हणजे आपला खंड्या पक्षी. हे नाव आपल्याकडे उच्चारले की लोकांच्या डोळ्यांसमोर भलतेच काही उभे राहते, म्हणून खुलासा केला. आयर्लंडमधला हा पहिला लांब पल्ल्याचा सायकलमार्ग. तो सुमारे ४८० किलोमीटरचा आहे, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दोन वेढ्यांचा आहे आणि फर्मॅना, लीट्रिम, कॅव्हन, डोनेगॉल व मोनाहन या पाच काउंट्यांमधून फिरतो. यांपैकी फर्मॅना ब्रिटनच्या अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडमध्ये आहे आणि बाकीच्या चार काउंट्या आयर्लंडच्या प्रजासत्ताकात. थोडक्यात, सायकलमार्ग एकच, पण तो दोन देशांमधून जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. या मार्गासाठी कोणी वेगळा ट्रॅक बांधलेला नाही. गावागावांना जोडणारे, गायी-मेंढ्यांच्या कुरणांमधून जाणारे, एरवी दूधवाला आणि शेतकरी यांच्याशिवाय कोणी फारसे न वापरणारे जुने बारके रस्ते शोधून ते एकापुढे एक जोडले, आणि वळणावळणावर पाट्या लावल्या. उत्तर आयर्लंडच्या बाजूला ब्रिटनच्या राष्ट्रीय सायकल जाळ्यात याचा क्रमांक ९१ आहे. निळ्या पाटीवर पांढरी सायकल, लाल चौकटीत ९१ हा आकडा आणि एक बाण, एवढाच मजकूर. पाटी हातभर लांबीचीसुद्धा नसते. ती स्वतःच्या खांबावर असेलच असेही नाही. विजेच्या खांबाला, दुसऱ्या एखाद्या फलकाच्या दांड्याला, जिथे सोय असेल तिथे पट्टीने आवळून टाकलेली असते. माझ्या नोकरीच्या काळात एका दिशादर्शक फलकासाठी किती काँक्रीट आणि किती कागद लागत असे, हे आठवून मला त्या पट्टीसमोर थोडा वेळ उभे राहावेसे वाटले.

सगळे ४८० किलोमीटर मी केले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. जावयांची सायकल घेऊन, कधी त्यांच्या सोबतीने आणि बहुतेक वेळा एकट्याने, रोज २५-३० किलोमीटर याप्रमाणे दक्षिणेकडच्या वेढ्याचा काही भाग मी सहा दिवसांत केला. सुरुवात एनिस्किलन या गावापासून. वरचे अर्न सरोवर आणि खालचे अर्न सरोवर यांच्या मधल्या बेटावर हे गाव वसले आहे. तिथून बेल्कू, ब्लॅकलायन, बॅलिकॉनेल, बॅलिनामोर अशी माझी रखडत रखडत वाटचाल झाली. तिथल्या चढांविषयी मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण नकाशात ते दिसत नाहीत आणि मांड्यांना चांगले कळतात. आपल्याकडे यवतेश्वराचा घाट म्हणजे एकदा चढायला लागले की वर पोहोचेपर्यंत चढच. तिथे तसे नाही. हिमयुगातल्या हिमनद्यांनी सरकता सरकता खालची माती आणि दगडगोटे रेटून लांबट टेकड्या तयार केल्या आहेत. त्यांना ड्रमलिन म्हणतात, आणि हा शब्द मुळात आयरिश भाषेतलाच आहे. परातीत मुटके शेजारी शेजारी ठेवावेत तशा या टेकड्या दिसतात. प्रत्येक टेकडी फार तर २५-३० मीटर उंच; पण एक संपली की दुसरी, आणि दोहोंच्या मधल्या खोलगटात पाणी साचून झालेले तळे. उतारावर घेतलेला वेग पुढच्या चढाच्या निम्म्यापर्यंत पुरतो आणि बरोबर तिथेच गिअर बदलायला उशीर होतो. पहिल्या दिवशी माझी चेन दोनदा उतरली.

रस्ते तर असे अरुंद, की समोरून मोटार आली तर सायकलवाल्याने कुंपणाला टेकून उभे राहावे. काही ठिकाणी डांबराच्या मधोमध गवताची पट्टी उगवलेली असते. अशा वाटेला तिथे बोरीन म्हणतात. आयरिश भाषेत ‘बो’ म्हणजे गाय. रस्ता या अर्थाचा शब्द त्यावरून आला आणि त्याचे लहान रूप म्हणजे बोरीन. मला लगेच आपली पाणंद आठवली. दोन्हीकडे कुंपण, मध्ये गाडीवाट, आणि वाटेवर पहिला हक्क गुरांचा. आपल्या पाणंदीला निवडुंग, शेर आणि घायपात, तर तिथे हॉथॉर्नची काटेरी झुडपे, मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी लगडलेली. पक्ष्यांच्या विणीसाठी १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात प्रजासत्ताकात ही कुंपणे छाटायला कायद्याने बंदी आहे. हिवाळ्यात छाटलेल्या कुंपणाचे वाळके काटे मात्र रस्त्याच्या कडेला पडून राहतात, आणि त्यांतलाच एक ब्लॅकलायनच्या अलीकडे माझ्या मागच्या चाकात घुसला. ज्या बेटावर बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले, त्याच बेटावर आपण पंक्चर काढत बसलो आहोत, हा विचार मनाला बरा वाटला. पंक्चर मात्र बाभळीच्या काट्याने झालेल्या पंक्चरइतकेच चिवट होते.

बेल्कू आणि ब्लॅकलायन या दोन गावांच्या मध्ये एक छोटा पूल आहे. पुलाच्या एका बाजूला वरचे मॅकनीन सरोवर, दुसऱ्या बाजूला खालचे, आणि पूल ओलांडला की देश बदलतो. चौकी नाही, शिपाई नाही, कमानसुद्धा नाही. देश बदलल्याचे कळते ते रस्त्यावरून: कडेची पांढरी रेघ पिवळी आणि तुटक होते, वेगमर्यादेचे आकडे मैलांतून किलोमीटरमध्ये येतात, धोक्याचे फलक तांबड्या कडेच्या त्रिकोणाऐवजी पिवळ्या चौकोनी होऊन एका टोकावर उभे राहतात, आणि टपालपेटी लाल होती ती हिरवी होते. आपल्याकडचा त्रिकोणी फलक आणि लाल टपालपेटी कोणाची देणगी, हे त्या पुलावर उभे राहिले की वेगळे सांगावे लागत नाही. सातारकरांपैकी कोणी जाणार असल्यास एक व्यवहारातली गोष्ट नमूद करतो. हा मार्ग सीमा ओलांडत राहतो, आणि चौकी नसली तरी आपल्याला दोन्ही देशांची परवानगी लागतेच. भारतीय पारपत्रधारकांसाठी ब्रिटन-आयर्लंडची संयुक्त व्हिसा योजना आहे. आपल्या व्हिसावर बीआयव्हीएस ही अक्षरे आहेत ना, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

ब्लॅकलायनपासून फार लांब नसलेल्या कुइल्का डोंगराच्या पायथ्याशी शॅनन नदीचा उगम आहे. सुमारे ३६० किलोमीटर लांबीची, आयर्लंडमधली सर्वांत लांब नदी जिथून निघते ते कुंड अवघे पंधरा-सोळा मीटर व्यासाचे आहे. काळसर पाणी, काठावर झुडपे आणि एक माहितीफलक. देऊळ नाही, दुकान नाही. क्षेत्र महाबळेश्वरच्या गोमुखाला हात जोडत मोठे झालेल्या माणसाला तिथे काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.

तिथले सगळे गोड आहे, असा समज मी करून देऊ इच्छित नाही. उंच कुंपणांमुळे वळणापलीकडचे दिसत नाही आणि स्थानिक मोटारचालक त्या वळणांवर ज्या आत्मविश्वासाने येतात तो पाहून छातीत धस्स होते. प्रजासत्ताकात अशा ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरची सर्वसाधारण वेगमर्यादा ७ फेब्रुवारी २०२५ पासून ताशी ८० वरून ६० किलोमीटरवर आणली आहे; म्हणजे मी जाण्याच्या जेमतेम तीन महिने आधी. शिवाय पाट्या लावल्या तरी त्या सांभाळाव्या लागतात. एका तिठ्यावरची पाटी वेलींखाली पूर्ण झाकली गेली होती. मी तिच्यासमोरून सरळ निघून गेलो, चार किलोमीटरवर एका शेतकऱ्याच्या अंगणात रस्ता संपला, तेव्हा परत फिरलो. त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावरून असे दिसले, की असा पाहुणा त्यांच्याकडे काही पहिल्यांदाच आला नव्हता.

हे सगळे आपल्या जिल्ह्यात कसे बसते, ते आता लिहितो. १९४३ च्या नागपूर आराखड्यापासून आपल्या रस्त्यांची प्रतवारी ठरलेली आहे: राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. यांतल्या प्रत्येक रस्त्याला कागदोपत्री क्रमांक आहे, लांबी आहे, कोणत्या साखळीवर, म्हणजे सुरुवातीपासून किती अंतरावर, कोणती मोरी आहे याची नोंद आहे. म्हणजे सायकलमार्गासाठी लागणारे अर्धे काम कपाटात तयार आहे. फक्त ते क्रमांक रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाहीत. तळ्यांच्या बाबतीतही आपण दरिद्री नाही. दर पावसाळ्यात आपल्याच दैनिकात छापले जाणारे आकडे पाहा: धोम १३.५० टीएमसी, कण्हेर १०.१०, उरमोडी ९.९६, आणि सर्वांत थोरली कोयना १०५.२५. त्या आकड्यांकडे आपण पाणीपट्टीच्या आणि पुराच्या नजरेने पाहतो. या जलाशयांच्या काठाने आणि त्यांच्याकडे उतरणाऱ्या घाटांमधून जे रस्ते गेले आहेत, त्यांच्याकडे सायकलवाल्याच्या नजरेने अजून पाहिलेले नाही.

मागच्या दिवाळीनंतर परळी खोऱ्यात एका फाट्यावर मला पुण्याहून आलेली दोन मुले भेटली. महागड्या गिअरच्या सायकली, डोक्यावर हेल्मेट, हँडलवर मोबाइल. मोबाइलने त्यांना उरमोडीच्या पाण्याकडे म्हणून ज्या वाटेने नेले, ती एका गोठ्याच्या दारात संपली होती आणि दोघांचे बूट शेणात भरले होते. त्यांनी मला विचारले, “काका, इथे पाटी का नाही?” मी नोकरीत असतो तर मला उत्तर देता आले असते. त्याच फाट्यावर पूर्वी एक किलोमीटरचा दगड होता. तो आडवा पडल्यावर मी निवृत्त नागरिक या नात्याने संबंधित कार्यालयात अर्ज केला; अर्जाची पोच आहे, दगड अजून आडवाच आहे.

माझी सूचना अशी आहे, की सुरुवात एकाच वेढ्याने करावी. साताऱ्यातून बोगद्यामार्गे परळी खोरे, उरमोडी जलाशय, सज्जनगडचा पायथा, तिथून ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीचे पवनचक्क्यांचे पठार, असा हा मार्ग आहे. चढ आहेत, पण रस्ते आहेत, गावे आहेत, पाणी आहे आणि वाटेत पिठलं-भाकरी देणारी घरे आहेत. कृष्णाकाठाने संगम माहुली, लिंब, भुईंज, वाई, मेणवली, धोम असा दुसरा वेढा माझ्या अधिक आवडीचा आहे. लिंबची बारा मोटेची विहीर आणि मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा एकाच दिवसात सायकलवरून पाहता येणे ही चैन आहे. तरीही तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, आणि त्याचे कारण ऊस. आपल्याकडे सायकलचा चांगला हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आणि गाळपाचा हंगामही जवळपास तोच. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीमागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि बाहेर लोंबणारे वाढे. संध्याकाळी अशा ट्रॉलीच्या मागे सायकल चालवण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही. यवतेश्वर-कास-बामणोली हा रस्ता देखणा असला तरी फुलांच्या हंगामात, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपासून, तिथे शनिवार-रविवारी मोटारींची रांग असते. त्याला पाटी लावायची तर त्यावर महिनेही लिहावे लागतील.

पाटीबद्दलही थोडे लिहितो, कारण इथेच कामे फसतात. फलकांचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६७ या संहितेत आहेत. त्यांच्या चौकटीतच हे काम व्हावे, गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या रंगात फ्लेक्स लावून नव्हे. पाटीवर मजकूर एकच: सायकलचे चित्र, वेढ्याचा क्रमांक आणि बाण. उद्घाटकांचे नाव आणि छायाचित्र यांसाठी जागाच ठेवू नये. तिठ्याच्या अलीकडे एक आणि वळून गेल्यावर, आपण बरोबर वळलो याची खात्री देणारी दुसरी, अशा दोन पाट्या लागतात. ही दुसरी पाटी आपल्याकडे नेहमी गाळली जाते. परळीपासून पुढे पाऊस वाढत जातो, ठोसेघर-चाळकेवाडीकडे तर धुके आणि वारा दोन्ही. तिथे साध्या लोखंडी पत्र्यावर रंग दिला तर दोन पावसाळ्यांत गंजाचे पोपडे उरतात. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि परावर्तक कागद हवा. आणि वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, कोणीतरी कोयता घेऊन प्रत्येक पाटीपुढची झुडपे तोडली पाहिजेत. पूर्वी हे काम मैलकुली करत. ते साइडपट्ट्या छाटत, किलोमीटरच्या दगडांना चुना देत, आणि आपल्या हद्दीतला कोणता दगड कधी हलला हे त्यांना तोंडपाठ असे. आता मैलकुली फारसे दिसत नाहीत, तेव्हा हे काम ग्रामपंचायतींनी गावातल्याच एखाद्या माणसाला थोड्याशा मानधनावर द्यावे.

साइडपट्ट्यांचा विषय निघालाच आहे, तर तेवढेच एक मागणे जोडतो. डांबराचा थर दर वेळी चढत जातो आणि साइडपट्टी खाली राहते. काही ठिकाणी ही पायरी वीतभर झाली आहे. मोटारीला ती जाणवत नाही. एसटीला जागा देण्यासाठी खाली उतरलेला सायकलवाला मात्र तोंडावर आपटतो. वेढ्यासाठी निवडलेल्या रस्त्यांवर तरी मुरूम टाकून ही पायरी भरून घ्यावी, आणि न रंगवलेले गतिरोधक रंगवावेत.

उरमोडीच्या काठाने जाताना विजेच्या तारेवर खंड्या हमखास बसलेला दिसतो. निळी पाठ, तपकिरी डोके, आणि पाण्याकडे लागलेली नजर. आयर्लंडमधल्या त्याच्या नावाच्या मार्गावर सहा दिवसांत मला तो एकदाही दिसला नाही. आपल्या वेढ्याला नाव द्यायची वेळ आली तर ‘खंड्या’ हे नाव मोकळे आहे, असे सुचवून ठेवतो.

या पहिल्या वेढ्यावरचे फाटे आणि तिठे मी प्रत्यक्ष फिरून एका मोठ्या कागदावर मांडले आहेत. कोणत्या ठिकाणी खांब आधीच आहे आणि कुठे नवा लागेल, याच्याही खुणा त्यावर आहेत. कोणा अधिकाऱ्यांना अथवा सायकलप्रेमी मंडळाला तो हवा असल्यास त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी प्रत काढून देईन. ठोसेघरच्या अलीकडचे दोन फाटे अजून पेन्सिलीनेच काढलेले आहेत. पाऊस उघडला की तिथे पुन्हा जाऊन ते शाईने पक्के करणार आहे.

कळावे.

आपला,
एक निवृत्त वाचक,
शाहूपुरी, सातारा